मुनिरका, ११००६७

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून मुनिरका आहे. मूळचं जाटांचं गाव, त्याच्या शेजारी दिल्ली विकास प्राधिकरणाचे (डीडीए) फ्लॅट आणि पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथे शिकणाऱ्या मुलाला फराळाचा डबा पाठवताना महाराष्ट्रातली आई हमखास पिनपाशी अडते. मुनिरक्याचा आणि जेएनयूचा पिन ११००६७. पण शेजारच्या वसंत विहारचा ११००५७, आर. के. पुरमचा ११००२२ आणि हाकेच्या अंतरावरच्या आयआयटीचा ११००१६. वस्ती कुठे संपते यावर पिन ठरत नाही. टपाल वाटणारं कार्यालय कोणतं, यावर ठरतो.

आपल्या गावाकडच्या पत्त्यात ही जाण आधीपासून होती. ज्या गावात टपाल कार्यालय नसे, तिथली माणसं 'मु.' पुढे आपलं गाव आणि 'पो.' पुढे शेजारचं मोठं गाव लिहीत, मग तालुका, जिल्हा. पिनचे शेवटचे तीन आकडे म्हणजे तो 'पो.'च.

ही आकड्यांची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले ते वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे मराठी विद्वान. तेव्हा औरंगाबाद महाराष्ट्रात एक होतं आणि बिहारात दुसरं. पत्ते अनेक लिप्यांत येत, अक्षर लागत नसे, आणि टपाल वेगळं करणाऱ्यांची सारी भिस्त स्मरणशक्तीवर. आकडा मात्र कोणत्याही प्रांतातल्या कर्मचाऱ्याला वाचता येतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, पिन लागू झाला. पहिला आकडा विभागाचा. प्रादेशिक विभाग आठ, नववा सैन्यासाठी. दिल्ली १ मध्ये, महाराष्ट्र-गोवा ४ मध्ये. पहिले तीन आकडे मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा कळतो.

महानगरांतले जुने विभाग-क्रमांकही यात सामावले. जुन्या मराठी पुस्तकांवर 'गिरगाव, मुंबई ४' असं छापलेलं असे, त्याचं ४००००४ झालं. मला या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. लोकांच्या हाताला बसलेलं वळण वेलणकरांनी मोडलं नाही.

अडचण राहिली ती पत्र लिहिणाऱ्याची. देशात टपाल कार्यालयं दीड लाखांहून अधिक, पिन मात्र सुमारे एकोणीस हजार. अनेक शाखा कार्यालयं एकाच पिनखाली येतात, तर शहरात एखादा रस्ता ओलांडला की पिन बदलतो. पूर्वी टपाल खात्याची पिन-पुस्तिका चाळावी लागे, आता संकेतस्थळावर शोधता येतो. तरी वस्तीचं नाव टाकल्यावर दोन-तीन पर्याय समोर आले, तर दूरच्या माणसाने निवड कशी करायची?

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा चिन्हांचा हा संकेत अक्षांश-रेखांशांवरून सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. मुनिरका गावच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत त्याचा उपयोग होईल. पण एका चौकोनावर चार मजले असतील, तर घर क्रमांक आणि मजला लिहावाच लागेल, आणि वेलणकरांचा सहा आकडी पिनही अजून हवाच आहे.

म्हणून परगावी राहणाऱ्या प्रत्येकाला विनंती: पिन शोधायचं काम घरच्यांवर सोपवू नका. आपल्या भागात वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयात किंवा पोस्टमनकडे विचारून घ्या आणि पूर्ण पत्ता त्या सहा आकड्यांसह घरी कळवा.