आर्सेनलची जर्सी आणि हैदराबादचे पोलीस

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात संध्याकाळी चहाच्या टपरीवर जरा वेळ थांबलं, की आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेडच्या जर्सी घातलेली पोरं दिसतातच. नांदेडलाही तेच. यातल्या बहुतेकांना आर्सेनलच्या राखीव खेळाडूंची नावंही तोंडपाठ असतात. आपल्या भागाचा म्हणून एक संघ होता आणि एकेकाळी तो देशात पहिला होता, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आर्सेनलचं मूळ लंडनजवळच्या वूलिचमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. १८८६ साली तिथल्या कामगारांनी हा संघ काढला. मँचेस्टर युनायटेड त्याहून आठ वर्षांनी जुना, न्यूटन हीथच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला. म्हणजे आज ज्यांचे व्यवहार अब्जावधींत चालतात, ते क्लब मुळात पाळी सुटल्यावर खेळणाऱ्या माणसांचे. आपल्याकडे फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींकडेच राहिला. भारतीय संघाच्या हाती तो यायला १९३७ साल उजाडलं. जिंकणारा संघ होता बंगलोर मुस्लिम्स.

मग १९५० साल आलं. एप्रिलमध्ये वेम्बलीवर आर्सेनलनं लिव्हरपूलला दोन-शून्य हरवून एफए कप जिंकला. त्या संघात डावीकडून खेळत होता डेनिस कॉम्प्टन. हाच गृहस्थ पाच वर्षांपूर्वी होळकरांच्या संघातून रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढून गेला होता. त्याच १९५० साली मुंबईत हैदराबाद सिटी पोलीस या संघानं रोव्हर्स कप उचलला आणि १९५४ पर्यंत, सलग पाच वर्षं, सोडलाच नाही. १९५० चा ड्युरँड कपही त्यांचाच. नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर, दोन्ही त्या वेळी हैदराबाद राज्यात होती. हिशेबानं तो आपलाच संघ.

या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. उस्मानियाचे पदवीधर, पेशानं मास्तर. ‘मैदान’ चित्रपटामुळे त्यांचं नाव आता नव्या पिढीच्या कानावर आलं आहे, पण पडद्यावर जाकार्ताचं एशियाड जास्त आणि हैदराबाद कमी. खरी गंमत हैदराबादेत होती. रहीमसाहेब पोरांसाठी चमत्कारिक स्पर्धा भरवायचे. एकीत ड्रिब्लिंगला बंदी, चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरीत फक्त कच्च्या पायानं खेळायचं, म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूनं डाव्यानंच मारायचं. अशा तालमीतून तयार झालेली माणसं १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. १९६२ ला जाकार्तात कोरियाला दोन-एक हरवून भारतानं एशियाडचं सुवर्ण घेतलं. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगानं गेले.

एवढा संघ राज्याच्या राजधानीत असताना मराठवाड्यानं त्याला आपलं का म्हटलं नाही? मला विचाराल तर उत्तर संघाच्या नावातच आहे. पोलीस. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं आणि दोनच वर्षांत हे विजय सुरू झाले. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करत होता. ज्या मुलखानं गावं जळताना पाहिली, त्यानं हैदराबादच्या पोलिसांच्या नावानं टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षाच चुकीची. खेळाडूंचा त्यात काही दोष नव्हता, पण वर्दीची आठवण इतक्या लवकर जात नसते.

ती पुसट होईपर्यंत १९५६ साल उजाडलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि संघ सीमेपलीकडे राहिला. पुढे त्याचं नावही आंध्र प्रदेश पोलीस झालं. नांदेडकर दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला हैदराबादला जातच राहिले. फुटबॉलसाठी जायचं कुणाच्या मनात आलं नाही. नांदेडात मैदान गाजवलं ते हॉकीनं. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाच्या सुवर्ण-रजत चषकाला देशभरातून संघ येतात. फुटबॉलवेड्यांचं गाव पाहायचं तर कोल्हापूर गाठावं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पेठेपेठेतले, आणि शाहू स्टेडियमवर हरणारा संघ घरी कुणाकुणाला तोंड देणार, हे आधीच ठरलेलं असतं. पोलिसांच्या संघामागे अशी पेठ नव्हती, खातं होतं. खात्याचा उत्साह ओसरला, की संघ सांभाळायला कुणी उरत नाही.

इंग्लंडमध्ये विंबल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं, तेव्हा समर्थकांनी २००२ मध्ये स्वतःचा एएफसी विंबल्डन काढला. तो आज व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. हैदराबादेत २०१९ साली हैदराबाद एफसी हा नवा क्लब निघाला, २०२१-२२ ला त्यानं इंडियन सुपर लीग जिंकली, आणि २०२५ मध्ये मालकांनी तो उचलून दिल्लीला नेला.