'अस्पृश्य' नावाची सीडी आणि १९९७ साल

(पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा.)

१९९७ साली लंडनच्या आउटकास्ट रेकॉर्ड्स नावाच्या छोट्या कंपनीने एक सीडी काढली. नाव होतं 'अनटचेबल आउटकास्ट बीट्स'. सरळ मराठी केलं तर 'अस्पृश्य बहिष्कृतांचे ठेके'. वेगवेगळ्या कलाकारांचे ट्रॅक एकत्र करून काढलेलं हे कंपाइलेशन. लंडनच्या देशी पोरांचं भूमिगत संगीत मला कळलं ते अशाच दोन-तीन कंपाइलेशनमधून. त्या संगीतावर माझं आजही प्रेम आहे. पण त्या नावापाशी मी दर वेळी अडखळतो, म्हणून हे लिहितोय.

आधी कंपाइलेशन एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. हे संगीत मुळात १२ इंची रेकॉर्डवर निघायचं, डीजे लोकांसाठी. प्रती मोजक्या काढायच्या, त्या चार क्लबमध्ये वाजायच्या आणि संपायच्या. आपल्याकडे तेव्हा टर्नटेबल कुणाकडे होता? लेबलवाले अशा दहा-बारा जणांचा एकेक ट्रॅक घेऊन एका सीडीवर टाकत. ती सीडी परदेशी जायची, कुणाच्या तरी भावाच्या बॅगेतून इथे यायची, तिच्या कॉप्या व्हायच्या. मागच्या पानावरची बारीक अक्षरातली नावं वाचून पुढचा शोध सुरू. म्हणजे कुणाला आत घ्यायचं आणि सगळ्यांवर मिळून कोणती पाटी लावायची, हे लेबल ठरवायचं. आणि लांबच्या ऐकणाऱ्याला तेवढंच दिसायचं.

आता ही पोरं कोण होती? पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेनच्या आसपास सिल्हेटहून आलेल्या बंगाली मुस्लिमांची वस्ती. कपडे शिवायचे कारखाने, हॉटेलं, दाटीवाटीची घरं. ४ मे १९७८ ला अल्ताब अली नावाच्या तरुण शिवणकाम कामगाराला कामावरून घरी जाताना रस्त्यात भोसकून मारलं, निव्वळ कातडीच्या रंगावरून. त्याच्या शवपेटीमागे सुमारे ७ हजार माणसं पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेली. त्या वस्तीत वाढलेल्या पुढच्या पिढीने घरी आईवडिलांची गाणी ऐकली, रस्त्यावर रेगे आणि हिप-हॉप ऐकलं, आणि सॅम्पलर हातात आल्यावर सगळं एकत्र ओतलं. जॉय या गटातले शमशेर बंधू त्यातलेच. 'स्टेट ऑफ बेंगाल' हे नाव घेतलेला सॅम झमानही त्यातलाच.

१९९३ मध्ये याच टॉवर हॅम्लेट्स भागात ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वंशवादी पक्षाचा पहिला नगरसेवक निवडून आला. त्याच वर्षी 'कम्युनिटी म्युझिक' नावाच्या संस्थेत, मुलांना संगीताचं तंत्र शिकवणाऱ्या वर्गातून, एशियन डब फाउंडेशन तयार झालं. शिकवणारा अनिरुद्ध दास, तरुणांमध्ये काम करणारा जॉन पंडित, आणि रॅप करणारा त्यांचा विद्यार्थी दीदर झमान, सॅमचा भाऊ. (जॉन पंडितने स्टेजसाठी नाव घेतलं 'पंडित जी'. आपल्याकडच्या मैफलवाल्यांनी ऐकलं तर काय म्हणतील!) पोलीस कोठडी, तुरुंग, वंशवाद यावर जंगलच्या वेगात रॅप. जंगल म्हणजे मिनिटाला १६० च्या पुढे पळणारा तुटक ड्रमचा ठेका. त्यांच्या आधी ब्रॅडफर्डच्या अकी नवाझचा 'फन-दा-मेंटल' हा गट होता. त्यांच्या १९९४ च्या अल्बमचं नाव 'सीझ द टाइम', अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरच्या बॉबी सीलच्या पुस्तकाचंच. आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये नाव उचललं ते त्याच विहिरीतून, हे लक्षात ठेवा.

दुसरीकडे तलविन सिंग. तबला शिकलेला, ब्यॉर्कच्या 'डेब्यू'मध्ये वाजवलेला. दर सोमवारी हॉक्सटन स्क्वेअरच्या ब्लू नोट क्लबमध्ये त्याची 'अनोखा' नावाची रात्र भरायची. सोमवार का, तर पडीक वार. तिथून १९९७ मध्येच 'अनोखा: साउंड्झ ऑफ द एशियन अंडरग्राउंड' हे कंपाइलेशन आलं. त्यात सॅम झमानचा 'फ्लाइट आयसी ४०८' आहे. आयसी म्हणजे आपल्या इंडियन एअरलाइन्सचा कोड. आणि रहमानची 'मुंबई थीम'सुद्धा आहे. गंमत बघा, जी धून आपण 'बॉम्बे' सिनेमाची म्हणून ऐकत होतो ती लंडनमध्ये 'अंडरग्राउंड' झाली. कंपाइलेशन काढलं कुणी, तर आयलंड रेकॉर्ड्सने, जी तेव्हा बड्या पॉलिग्रामच्या मालकीची होती. भूमिगत म्हणायचं आणि विकायचं मोठ्या दुकानात! पेपरवाल्यांना 'एशियन अंडरग्राउंड' ही पाटी फार आवडली. खरं तर फन-दा-मेंटलचा हिप-हॉप, जॉयचा क्लबचा ठेका आणि तलविनचा तबला यांत ऐकायला साम्य फार थोडं. समान होता तो कातडीचा रंग.

मग बक्षिसं आली. तलविनच्या 'ओके'ला १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी नितीन सॉनीचा 'बियॉन्ड स्किन' त्याच पुरस्काराच्या यादीत होता. हा अल्बम आउटकास्टचाच. सुरुवातीलाच वाजपेयींचा अणुचाचणीची घोषणा करणारा आवाज, शेवटी ओपेनहायमर. ऐकला नसेल तर जरूर ऐका, फार दमदार काम आहे. याच लेबलवरच्या 'बॅडमार्श अँड श्री' जोडीतला श्री हा मुंबईचा बास वाजवणारा.

आता नावाकडे येतो. 'आउटकास्ट' म्हणजे जातीबाहेर टाकलेला. या मंडळींना म्हणायचं होतं की आम्ही गोऱ्यांच्या घरातही बाहेरचे आणि आईबापांच्या घरातही बाहेरचे. ती वेदना खरी होती, तिच्यासाठी माणसं मेली होती. नाव ठेवणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही. कुणाची जात काय, हे खोदायलाही मी बसलेलो नाही. पण हा शब्द लंडनमध्ये यायच्या कितीतरी आधी इथे कामाला लागला होता. लंडनमध्ये शिकून परतलेल्या बाबासाहेबांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक. त्यांनी हा शब्द घेतला तो सभासद जमवायला, वसतिगृहं काढायला, महाडच्या तळ्यावर जायला. सीडीवर तोच शब्द आला तेव्हा मागचं सगळं गळून गेलं आणि उरला फक्त रुबाब. त्या सगळ्या चळवळीच्या चर्चेत वंश होता, वसाहत होती, धर्म होता. जात मात्र फक्त लेबलच्या नावात होती.

आणि ते वर्ष कोणतं? १९९७. त्याच वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. ते पाहून आलेले शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी, १५ जुलैला, आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'ची सुरुवात तिथूनच केली. एकाच वर्षी लंडनच्या दुकानात 'अनटचेबल' नावाची सीडी मांडलेली आणि इकडे ज्यांच्यावर हा शिक्का मारला गेला त्यांचा शाहीर गेलेला. दोन्हींचा एकमेकांशी कसलाही कार्यकारण संबंध नाही. मला मात्र आता दोन्ही वेगळे आठवत नाहीत.

म्हणजे परदेशात जात नव्हती का? होती. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा उल्लेख घालण्याची मुभा ठेवली होती, २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारकच केलं. दलित संघटना त्यासाठी झगडत होत्या, बऱ्याच हिंदू संघटना विरोधात होत्या. २०१८ मध्ये सरकारने सांगून टाकलं की वेगळा कायदा करणार नाही, न्यायालयाचे निकाल पुरे आहेत. नाव चाललं, कायदा नाही चालला.

दरम्यान इथे चित्र बदललंय. जालंधरच्या गिन्नी माहीने 'डेंजर चमार' म्हणत स्वतःच्या जातीचं नाव स्वतःच मंचावर नेलं. कोरापुटचा सुमीत सामोस इंग्रजीत रॅप करतो आणि जातीवर थेट बोलतो. मुंबईच्या 'स्वदेसी' गटाने २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यातला १००आरबीएच हा अमरावतीचा, मराठीत रॅप करणारा. यांना पाटी लावायला लंडनचं लेबल लागलं नाही.

आणि खरं सांगू? भूमिगत कंपाइलेशन आपल्याकडे कधीपासून होतंच. ६ डिसेंबरला दादरला, दसऱ्याला दीक्षाभूमीवर, फुटपाथवर चादर टाकून विकल्या जाणाऱ्या भीमगीतांच्या कॅसेट. छोट्या कंपन्या, एका कॅसेटवर पाच-सहा गायक, कव्हरवर निळा रंग. वामनदादांची गाणी घराघरात गेली ती या वाटेने. आउटकास्टच्या प्रत्येक सीडीची यादी आज कुणीही बसल्या जागी शोधू शकतो. या कॅसेटची अशी यादी कुठे आहे?

तुमच्या घरी माळ्यावर अशा कॅसेट असतील तर कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि इथे टाका. गायक, कोरस, ढोलकी, रेकॉर्डिंग कुठे झालं, जे काही छापलं असेल ते सगळं वाचता आलं पाहिजे.