पेन्शनीनंतरचे गाव

सैनिक नागरी जीवनात कसा परततो, याचा शोध बहुधा लष्करी दप्तरांत घेतला जातो. तिथे हुद्दा सापडतो, गाव सापडत नाही. महार समाजातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. पलटणीतला हुद्दा गावच्या पाणवठ्यावर चालत नव्हता. तिथे पुन्हा जातच विचारली जाई. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेतून त्यांनी उलट सवर्णांनाच अस्पृश्यतेबद्दल प्रश्न विचारले. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ साली त्यांनी त्याविरुद्ध विनंतीअर्ज लिहिला. ‘विटाळ विध्वंसन’ आपण दलित साहित्याची पूर्वपीठिका म्हणून शिकवतो. आम्हांस ती सैनिकाच्या परतीची कैफियतही वाटते. तिच्यातला हवालदारही वाचायला हवा.