डेटाबेस नॉर्मलायझेशन म्हणजे काय? सातबाऱ्यावरून समजून घ्या

समजा, सातारा जिल्ह्यातल्या शिरवळमध्ये एका शेतकऱ्याची ५ गटांत जमीन आहे. डेटाबेसमध्ये प्रत्येक गटासमोर त्याचं नाव वेगवेगळं टाइप केलं, तर एका ठिकाणी दुरुस्ती होते, ४ ठिकाणी चूक तशीच राहते. मग कर्जाच्या किंवा वारसनोंदीच्या वेळी प्रश्न येतो, हा माणूस एकच का?

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यातल्या नॉर्मलायझेशनचं सूत्र साधं आहे: एक माहिती एकाच जागी.

खातेदारांचा एक तक्ता, गटांचा दुसरा. एका गटात अनेक हिस्सेदार असू शकतात, म्हणून कोणत्या गटात कोणाचा किती हिस्सा, याचा तिसरा. त्यांना जोडतात सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आणि आठ-अ वरचा खाते क्रमांक. डेटाबेसच्या भाषेत यांना ‘की’ म्हणतात. आता नाव एकदाच दुरुस्त करा, पाचही गटांसमोर बरोबर दिसेल.