बंद सिलिंडरातला दाब : अमेरिकी डिझेल पिकअप ट्रकांच्या शर्यतीचा इतिहास

अमेरिकेतील मोटारविश्वात एक कुजबुज दर एक-दोन वर्षांनी ठरल्यासारखी सुरू होते. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या तिघांपैकी कोणीतरी आपल्या अवजड डिझेल पिकअप ट्रकच्या इंजिनाची ताकद वाढवणार, अशी वार्ता फुटते. अधिकृत आकडा कोणाच्याच हाती नसतो. तरीही प्रतिस्पर्ध्याच्या आकड्यापेक्षा तो किती पुढे जाईल याचे अंदाज बांधले जातात. कंपन्याही या उत्सुकतेला खतपाणी घालतात. नवे मॉडेल आधी दाखवायचे आणि इंजिनाचा आकडा पुढे कित्येक आठवडे मुठीत ठेवायचा, ही रीत आता रुळली आहे.

भारतात पिकअप म्हटले की भाजीपाला किंवा दुधाचे कॅन वाहणारे छोटे वाहन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील हे अवजड पिकअप त्या जातीचे नव्हेत. घोड्यांचे ट्रेलर, नौका, बांधकामाची यंत्रे ओढण्यासाठी ते घेतले जातात आणि त्यांपैकी काहींची ओढण्याची क्षमता १५ टनांहून अधिक आहे. ८,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ३.९ टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या अशा ट्रकांवर इंधनकार्यक्षमतेची सरकारी चिठ्ठी लावण्याचे बंधन तेथे नाही. मायलेजचा आकडा ग्राहकासमोर येत नाही. समोर येतो तो अश्वशक्तीचा आणि टॉर्कचा. त्यामुळे स्पर्धाही त्याच दोन आकड्यांभोवती फिरत राहिली.

या दोन आकड्यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. टॉर्क म्हणजे दंडगोल फिरवणारे बल-आघूर्ण. अमेरिकेत ते फूट-पौंडात मोजतात आणि एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. शक्ती म्हणजे टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. पेट्रोल इंजिन वेगाने फिरून शक्ती मिळवते. डिझेल इंजिन सावकाश फिरते, पण प्रत्येक फेरीत अधिक जोर लावते. चढावर भार ओढताना हा कमी वेगातला जोर उपयोगी पडतो, म्हणून डिझेल पिकअपच्या जगात टॉर्कच्या आकड्याला मान अधिक.

डिझेल इंजिनाची सुरुवात फार नम्र होती. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे झाली. एकाच सिलिंडरचे, १९.६ लिटर आकारमानाचे ते उभे यंत्र जेमतेम १८ अश्वशक्ती देत होते. त्याचे थोरपण शक्तीत नव्हते, कार्यक्षमतेत होते : इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जेचे ते यांत्रिक कार्यात रूपांतर करी. हवा प्रचंड दाबून इतकी तप्त करायची की फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे, या एका कल्पनेवर ते उभे होते. म्हणजे दाब हा या इंजिनाचा जन्मापासूनचा प्राण होय.

अमेरिकी पिकअपमधील स्पर्धेला खरा आरंभ १९८० च्या दशकात झाला. १९८२ साली जनरल मोटर्सने ६.२ लिटरचे डिझेल इंजिन आणले : १३० अश्वशक्ती आणि २४० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ३२५ न्यूटन-मीटर. पुढच्याच वर्षी फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून ६.९ लिटरचे इंजिन घेतले. या दोन्ही इंजिनांत टर्बोचार्जर नव्हता. १९८९ साली डॉज रॅममध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन बसले आणि चित्र पालटले. अश्वशक्ती केवळ १६०. टॉर्क मात्र ४०० फूट-पौंड, म्हणजे ५४२ न्यूटन-मीटर. आकारमान प्रतिस्पर्ध्यांपेक्षा लहान, जोर कितीतरी अधिक. इंडियाना राज्यातील कोलंबस गावी १९१९ साली स्थापन झालेल्या या कंपनीने मुळात व्यावसायिक ट्रक आणि यंत्रसामग्रीसाठी घडवलेले ते इंजिन होते.

त्यानंतरची वाटचाल आकड्यांतच वाचता येते. १९९४ साली फोर्डचे ‘पॉवर स्ट्रोक’ ४२५ फूट-पौंडांवर आले. २००१ साली जनरल मोटर्सने जपानच्या इसुझूच्या साहाय्याने ‘ड्युरामॅक्स’ आणले. त्याचा आकडा ५२०. २०१९ साली रॅमने १,००० ही बहुचर्चित मर्यादा गाठली. फोर्डने २०२० च्या मॉडेलसाठी १,०५० जाहीर केले, रॅमने १,०७५ ने उत्तर दिले आणि २०२३ च्या मॉडेलमध्ये फोर्ड १,२०० फूट-पौंड व ५०० अश्वशक्तीवर पोहोचला. जनरल मोटर्सने २०२४ च्या मॉडेलसाठी ९७५ हा आकडा दिला.

या चार दशकांत इंजिनाचे आकारमान जवळपास तेवढेच राहिले, ही बाब सहसा नजरेतून सुटते. १९८२ साली ६.२ लिटर, २०२३ साली ६.७ लिटर. मग जोर आला कुठून? उत्तर एका साध्या राशीत आहे, तिला सरासरी परिणामी दाब म्हणतात. चार-धावी इंजिनाचा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्यावा, त्याला १२.५७ ने म्हणजे ४π ने गुणावे आणि आकारमानाने लिटरमध्ये भागावे. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते. १९८२ च्या जनरल मोटर्स इंजिनासाठी ही राशी सुमारे ६६० किलोपास्कल येते, म्हणजे साधारण साडेसहा वातावरण दाब. १९८९ च्या कमिन्ससाठी सुमारे ११५०. रॅमच्या १,००० फूट-पौंडी इंजिनासाठी सुमारे २५४०, तर फोर्डच्या १,२०० फूट-पौंडी इंजिनासाठी ३०५० किलोपास्कल, म्हणजे तीस वातावरणांहून अधिक. जाहिरातीत टॉर्कचा आकडा झळकला. वस्तुतः वाढत गेला तो बंद सिलिंडरातला दाब, आणि तो साडेचार पटींहून अधिक वाढला.

हा दाब तीन वाटांनी आला. पहिली वाट हवेची. बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या ऊर्जेवर झोत-चक्र फिरवून आत येणारी हवा दाबावी, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच पेटंटबद्ध केली होती. अधिक हवा कोंबता आली, म्हणून अधिक इंधन जाळता आले. दुसरी वाट इंधनाची. ‘कॉमन रेल’ पद्धतीत इंधन एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवतात आणि विजेच्या इशाऱ्यावर ते सूक्ष्म छिद्रांतून फवारतात. हा दाब २००१ च्या ड्युरामॅक्समध्ये सुमारे १,६०० बार होता. पुढे तो २,००० बारच्या घरात गेला. एकाच धावेत इंधनाचे अनेक छोटे फवारे मारता येऊ लागले आणि ज्वलनाला लगाम बसला. तिसरी वाट धातूची. साध्या ओतीव लोखंडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते आणि त्या पापुद्र्यांच्या धारेशी तडा सुरू होतो. मिश्रणातील मॅग्नेशियमचे प्रमाण काटेकोर राखले, तर ग्राफाइट आखूड, बोथट टोकांच्या वळ्यांचे रूप घेते. फोर्डचे ६.७ लिटरचे इंजिन आणि २०१९ चे रॅमचे इंजिन यांचे मुख्य ठोकळे अशाच लोखंडाचे आहेत.

चौथी वाट अदृश्य होती : संगणकाची आज्ञावली. २०१० साली हे लख्ख दिसले. फोर्डने नव्या ६.७ लिटर इंजिनासाठी ७३५ फूट-पौंड जाहीर केले. जनरल मोटर्सने ७६५ सांगून कुरघोडी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोर्डने ८०० चा आकडा जाहीर केला आणि आधीच विकलेल्या ट्रकांनाही ही वाढ विनामूल्य देऊ केली. इंजिनाचा एकही सुटा भाग बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त आज्ञावली. धातूने सोसायची मर्यादा आणि कंपनीने जाहीर केलेला आकडा यांच्या दरम्यान मोठी मोकळी जागा असते, हे यातून उघड झाले. त्या जागेतच अफवा वाढतात.

तीच आज्ञावली आणखी एक हिशेब सांभाळते, जो जाहिरातीत येत नाही. हवेतील नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध फार मजबूत. एरवी तो ज्वलनात भाग घेत नाही. परंतु ज्वालेचे तापमान सुमारे १,८०० केल्विनच्या वर गेले की तो तुटू लागतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ही साखळी-अभिक्रिया सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी उलगडली. तापमान थोडे वाढले तरी तिचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणजे ज्या तप्त, आटोपशीर ज्वलनाने इंधन वाचते आणि जोर मिळतो, तेच ज्वलन हवा बिघडवते. या वायूंपासून जमिनीलगतचा ओझोन आणि सूक्ष्म कण निर्माण होतात आणि त्यांची किंमत दमेकऱ्यांची फुप्फुसे मोजतात.

अमेरिकेने २००७ ते २०१० या काळात डिझेलच्या धुराचे नियम आवळले. काजळी अडवणारे गाळे आले. मागोमाग युरियाचे द्रावण आले. धुराड्यात फवारलेल्या युरियापासून अमोनिया बनतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात करतो. या रसायनाने शर्यतीलाही हातभार लावला : धूर नंतर स्वच्छ करता येत असल्याने सिलिंडरात ज्वलन अधिक तप्त ठेवण्याची मुभा मिळाली. मात्र युरिया केव्हा आणि किती फवारायचा, हे आज्ञावली ठरवते. चाचणीत पुरेसा आणि रस्त्यावर कमी फवारला, तर बाहेरून काहीच दिसत नाही.

हा संशय कल्पित नव्हे. १९९८ साली सात अवजड डिझेल इंजिन-उत्पादकांनी अमेरिकी सरकारशी तडजोड केली. महामार्गावर एकसमान वेगाने धावताना त्यांच्या इंजिनांची आज्ञावली धुराचे नियंत्रण ढिले करते, असा आरोप होता. त्या तडजोडीतूनच चालत्या वाहनावर धूर मोजण्याच्या उपकरणांच्या विकासाला चालना मिळाली आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ त्यात अग्रेसर ठरले. याच विद्यापीठात डॅनियल कार्डर यांच्या नेतृत्वाखालील छोट्या चमूने पुढे डिझेल मोटारींचा धूर रस्त्यावर मोजला. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीय वंशाचे अभियंते होते. २०१४ साली जाहीर झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतूनच २०१५ चे फोक्सवॅगन प्रकरण बाहेर आले.

पिकअपचीही पाळी आली. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केल्याची घोषणा झाली. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालील तो सर्वांत मोठा दिवाणी दंड ठरला. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६,३०,००० रॅम पिकअपमधील इंजिनांत नियंत्रण निकामी करणारी यंत्रणा असल्याचा सरकारचा आरोप होता. शिवाय २०१९ ते २०२३ च्या सुमारे ३,३०,००० इंजिनांत न कळवलेली साहाय्यक यंत्रणा असल्याचा. कंपनीने दोष कबूल केला नाही. आकड्यांच्या चढाओढीमुळेच हे घडले, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. इतके मात्र खरे की १,००० फूट-पौंडांचा विक्रम आणि धुराची ही चौकशी एकाच काळातील, एकाच कंपनीच्या इंजिनांच्या कहाण्या आहेत.

या इतिहासाचा एक धागा भारतातही येतो. कमिन्सचा भारतीय संसार १९६२ साली पुण्यात किर्लोस्करांच्या भागीदारीत सुरू झाला. १९९३ साली जमशेदपूरला टाटा कमिन्सची स्थापना झाली आणि अमेरिकी पिकअपमधील त्याच ५.९ लिटर घराण्याची इंजिने टाटांच्या ट्रकांत आली. ‘१६१३’ या नावातील १६ म्हणजे एकूण वजनाचे टन आणि १३ म्हणजे १३० अश्वशक्ती. तेवढ्याच आकारमानातून रॅम पिकअपमध्ये २००३ साली ३०५ अश्वशक्ती काढली जात होती. हा फरक मागासलेपणाचा नव्हता. पिकअप आपली पूर्ण शक्ती काही मिनिटेच वापरतो. मालट्रक भरल्या वजनाने दिवसेंदिवस धावतो आणि सततचा दाब धातूला थकवतो. रॅमनेही व्यावसायिक वापराच्या चासीवर तेच ६.७ लिटर इंजिन १,००० ऐवजी ८०० फूट-पौंडांवर आणून बसवले, यात सारे आले.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि युरियाच्या टाक्या महामार्गांवरील ट्रकांना लागल्या. १ एप्रिल २०२३ पासून धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याची अट आली. अमेरिकेला हा धडा शिकायला दोन मोठी प्रकरणे आणि पंचवीस वर्षे लागली. भारताला तो तयार मिळाला आहे. तो पाळला जातो का, हे प्रयोगशाळेच्या दारात ठरणार नाही. चढावर, भरल्या ट्रकच्या धुराड्याला लावलेल्या उपकरणावर ठरेल. पुढच्या विक्रमी इंजिनाची वार्ता फुटेल तेव्हा टॉर्कला १२.५७ ने गुणून लिटरने भागावे आणि मग विचारावे : या दाबाला निर्माण झालेला वायू रस्त्यावर कोणी मोजला?