अपंग कामगार आणि औषधोपचाराचा हक्क

यंत्रात हात सापडून अपंग झालेल्या कामगारास दोन गोष्टींची निकड असते. घर चालविण्यासाठी पैसा ही एक, आणि औषधोपचार ही दुसरी. ह्या दोन्ही गरजा एकाच क्षणी उभ्या राहतात. परंतु कायद्याने त्या एकदम ओळखल्या नाहीत. आपल्या देशात त्यांची सांगड घालण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघाताचा बोजा प्रथमच मालकावर टाकला. ते पाऊल मोठेच होते. पण कायमच्या अपंगत्वाची भरपाई एकरकमी मिळे, आणि उपचाराची तरतूद त्या कायद्यात नव्हती. हाती आलेली रक्कम कर्जफेडीत आणि औषधात संपली, की पुढील आयुष्य आप्तेष्टांच्या आधारावर कंठावयाचे.

हा विचार पुढे नेण्याचे काम मार्च १९४३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ प्रा. बी. पी. आडारकर ह्यांच्याकडे आले. केंद्र सरकारचे मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्याकडे होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा आडारकरांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. त्याच पायावर स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन केले. दिल्लीतही ती त्याच दिवशी सुरू झाली. १९५४ साली नागपूर व मुंबई येथील कामगारांपर्यंत ती पोहोचली.

योजनेची रचना साधी होती. मालक व कामगार ह्यांनी वर्गणी भरावयाची. त्या निधीतून आजारपणात रोख साहाय्य आणि दवाखान्यात उपचार मिळावयाचे. कामावर अपघात झाल्यास वैद्यकीय मंडळ कामगाराची कमाईची शक्ती किती घटली ते ठरवी. कायद्याच्या परिशिष्टात त्याचे प्रमाणही मांडलेले होते: अंगठा गेल्यास ३० टक्के, दोन्ही हात गेल्यास १०० टक्के. त्या प्रमाणात त्यास आजन्म वेतन मिळे. एकरकमी भरपाईच्या जागी महिन्याच्या महिन्यास येणारा पैसा आला, हा ह्या कायद्याचा मोठाच विशेष होय.

तथापि एक गाठ राहून गेली. अपंगत्वाचे वेतन आजन्म होते. उपचाराचा हक्क मात्र मुख्यतः वर्गणीशी बांधलेला होता. नोकरी गेली की वर्गणी थांबे. त्यानंतर किती काळ आणि कोणता उपचार द्यावयाचा, हे कायद्याने नियमांवर सोपविले होते. ज्या कारखान्याने हात नेला त्यानेच नोकरीही नेली, तर ज्याला डॉक्टरची गरज सर्वांत अधिक त्याच्याच हक्काचा आधार कच्चा होई. विम्याच्या हिशेबास ते धरून होते. न्यायबुद्धीस पटणारे नव्हते.

ही गाठ १९८९ च्या दुरुस्तीने सोडविली. कायमच्या अपंगत्वामुळे विमायोग्य नोकरी सोडावी लागलेल्या कामगारास, अपघात झाला नसता तर तो ज्या दिवशी वयोमानानुसार निवृत्त झाला असता, त्या दिवसापर्यंत उपचाराचा हक्क देण्यात आला. कायद्याने त्यास जणू कल्पनेत कामावरच ठेवले. नियमांनी वर्गणी ठरविली ती महिन्यास १० रुपये, वर्षाची एकदम भरावयाची. तीत पती वा पत्नीच्या उपचाराचाही समावेश झाला. दान म्हणून दिलेले औषध केव्हाही थांबविता येते. वर्गणी भरून मिळालेले औषध मागून घेता येते. अपंग माणसाच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने हा भेद लहान नाही.

२०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहितेत नऊ कायदे एकत्र आणले. त्यांत १९४८ चा हा कायदाही होता. मात्र ह्या इतिहासाची एक मर्यादा विसरता येत नाही. कल्पनेत कामावर ठेवावयाचे तर नाव आधी कुठल्या तरी हजेरीपटावर असावे लागते. उसाच्या फडात किंवा दगडाच्या खाणीत राबणाऱ्या अनेकांचे नाव अशा कोणत्याच पटावर नव्हते. आडारकरांच्या अहवालाने ज्या प्रश्नास हात घातला, त्याचे अर्धे उत्तर कारखान्याच्या फाटकाच्या आत सापडले. उरलेले अर्धे फाटकाबाहेर शोधावयाचे आहे.