सूर्यास्तापूर्वीची मजुरी : कुवेतमधील किमान वेतनाचा इतिहास

गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी त्याच्या हाती द्यावेत, मग तो आपला असो वा परका, अशी आज्ञा तोरातील देवारीमच्या २४व्या अध्यायात आहे. मजुरी केव्हा द्यावी हे त्यातून कळते. ती निदान किती असावी, हे ठरवायला मात्र सरकारी कायदे लागले. कुवेतचे उदाहरण पाहू.

आम्हां कोकणातल्या लोकांना कुवेत नवे नाही. एके काळी तिथे भारताचाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला. तेव्हा एका दिनाराला १३⅓ रुपये, म्हणजे जुन्या हिशेबाने १३ रुपये ५ आणे ४ पै पडत.

१९६४ साली खासगी नोकऱ्यांसाठी कायदा झाला, पण घरकामगार त्यातून वगळले गेले. पुढे २०१०च्या ६ क्रमांकाच्या कायद्यातील ६३व्या कलमाने किमान वेतनाची रीत घालून दिली. सल्लागार समितीचे मत घेऊन, महागाई पाहून, जास्तीत जास्त पाच वर्षांनी मंत्र्यांनी रक्कम जाहीर करावी. त्याच वर्षी ती महिना ६० दिनार ठरली. ७५ दिनार व्हायला मात्र २०१७ साल उजाडले. स्थानिक कुवेती बहुतेक सरकारी नोकरीत असतात, त्यामुळे या आकड्याची झळ लागते ती परदेशी मजुराला.

घरकामगार २०१०च्या कायद्यातही नव्हते. त्यांच्यासाठी २०१५चा ६८ क्रमांकाचा कायदा आला. आठवड्याला एक सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम आणि पगार थकल्यास महिन्याला १० दिनार भरपाई त्यात आहे. २०१६ साली त्यांचेही किमान वेतन ६० दिनार ठरले. आखाती देशांत असे करणारे कुवेत पहिलेच.

आपल्या इस्राएलात १९८७च्या कायद्याने किमान वेतन देशातील सरासरी पगाराशी बांधले आहे. सरासरी वाढली की तेही वाढावे, हा त्यामागचा हेतू. कुवेतमध्ये मंत्र्यांनी सही केली तरच आकडा हलतो.

आज आपल्यापैकी कित्येकांना उठवण्या-बसवण्यासाठी परदेशातून माणसे येतात, काही तर भारतातूनच. कायद्याचा निरीक्षक सहसा घराच्या उंबरठ्याबाहेरच थांबतो. आत हिशेब चोख ठेवायचा तो आपणच.